सेंट्रल पार्कात गाईडबरोबर सायकल: लेकाकडे-लेकीकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींसाठी

आपल्या अमळनेर-चोपडा-धुळे पट्ट्यात आता असं घर सापडणं अवघड, की ज्यांच्या ओळखीत कुणाचंच पोरगं न्यू जर्सीत नाही. मग नातवंडं होतात, आजी-आजोबा व्हिसा काढून जातात, आणि एवढं विमानात बसून तिकडं जाऊन करतात काय, तर मेथी निवडतात. मी पण पहिले तीन आठवडे तेच केलं. चौथ्या आठवड्यात मुलीनं मला न विचारता न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातली गाईडबरोबरची सायकल टूर बुक करून टाकली. माझं वय ५९, सायकल शेवटची चालवली ती डी.एड.ला असताना. मिस्टर लगेच म्हणाले, "तुले जमी का?"

जमलं. पण पहिली पंधरा मिनिटं जी फजिती झाली ती तुमची होऊ नये म्हणून क्रमानं लिहितेय, कारण परत आल्यापासून निदान सहा जणींना फोनवर हेच सगळं सांगून झालंय.

पहिलं काम घरीच करायचं

सायकल एकदा आली की विसरत नाही म्हणतात, ते खरंय, पण ते चालवण्यापुरतं. थांबणं आणि वळणं विसरतं बाई. त्यामुळे तिकीट निघालं की जायच्या आधी महिनाभर रोज पहाटे अर्धा तास सायकल काढा, उन्हाळा असेल तर सहाच्या आत, कारण आपल्याकडे आठ वाजता रस्ता तापलेला असतो. जळगावकरांना मेहरूण तलावाचा रस्ता आहे, बाकीच्यांना शाळेचं ग्राउंड बघा. सरळ रेषेत नुसतं हाणत बसू नका, त्याचा उपयोग नाही. एक हात सोडून इशारा करून बघा, मान मागे वळवून बघा (वळवली की सायकल पण तिकडंच जाते, ते जायचं थांबेपर्यंत), आणि अगदी हळू, चालण्याच्या स्पीडनं चालवून बघा. टूरमध्ये सगळ्यात जास्त हेच लागतं, कारण पुढचा माणूस फोटो काढायला मधेच थांबतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, अमेरिकेत डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. म्हणजे उलटं. सवयीनं डावा हात जोरात दाबला की मागचं नाही, पुढचंच चाक अडकतं आणि तुम्ही हँडलवर. मी पडले नाही पण दातांनी जीभ चावली. त्यामुळे तिकडं सायकल हातात आली की बसायच्या आधी हातानं ढकलत न्यायची, एकेक ब्रेक दाबून कुठलं चाक थांबतं ते बघायचं, आणि मग चालवताना दोन्ही एकदम, हलके दाबायचे. दुसरं उलटं म्हणजे रस्त्याची बाजू. तिकडं उजवीकडनं चालायचं आणि ओव्हरटेक डावीकडनं.

बुकिंग करताना

पोरांना करू द्या, पण काय विचारायचं ते तुम्ही सांगा, कारण पोरं फक्त रेटिंग बघतात. पहिला प्रश्न, रूट कोणता. पार्कात गाड्यांना २०१८ पासून बंदी आहे आणि आतून गोल एक रस्ता फिरतो, पूर्ण फेरी ९.८ किलोमीटरची, घड्याळाच्या काट्याच्या उलट्या दिशेनं, वन वे. अंतर काहीच नाही, आमच्या काळात पोरी शाळेला एवढ्या जायच्या. पण वरच्या टोकाला हार्लेम हिल म्हणून चढ आहे आणि तो आपल्या वयाला, गेली तीस वर्षं स्कूटीवर काढलेल्या गुडघ्याला, नको. १०२ व्या स्ट्रीटपाशी आतून आडवा रस्ता आहे, तिथून वळलं की चढ वाचतो आणि फेरी साधारण ८.४ किलोमीटरची होते. अजून लहान हवी तर ७२ व्या स्ट्रीटवरूनच वळायचं, पण मग बरंचसं पार्क राहून जातं. मी मधली घेतली. टूर बहुतेक दोन तासांची असते आणि त्यात थांबणंच जास्त असतं.

दुसरा प्रश्न, ग्रुप किती जणांचा. मोठा असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं घेऊ नये, मागे राहिलं की घाबरायला होतं.

दिवस शक्यतो सोमवार ते शुक्रवार, वेळ सकाळची. महिने म्हणाल तर मे, सप्टेंबर, ऑक्टोबर चांगले. नोव्हेंबरचा पहिला रविवार मात्र टाळाच, त्या दिवशी न्यूयॉर्क मॅरेथॉन असते आणि ती संपते याच पार्कात. बॅटरीची सायकल देतो म्हणाले तर पहिल्या दिवशी नाही म्हणा, ती पायडल मारल्या मारल्या पुढं उडी घेते.

गाईड कशाला, भाड्यानं घेऊन आपलं आपण फिरू, असं मिस्टरांचं मत होतं. फिरता येतं, नक्की येतं. पण मग तुम्हाला झाडं, पाणी आणि दगड दिसतील आणि तुम्ही म्हणाल छान आहे हो बगीचा, आणि घरी याल. तिथली एकही गोष्ट तिथं आपोआप आलेली नाही हे सांगणारा माणूस सोबत पाहिजे, त्यावर पुढं लिहितेच.

एक सावधगिरी. पार्काच्या कोपऱ्यावरच्या कोलंबस सर्कल सबवे स्टेशनच्या बाहेर पडलं की हातात कागद घेतलेली मंडळी मागं लागतात, सायकल घ्या, सायकलरिक्षात बसा. सायकलरिक्षाचा रेट मिनिटावर असतो आणि तो गाडीवर लिहिलेला असतो, तो वाचून मनातल्या मनात साठनं गुणून मगच बसा. आम्ही एका वेगळ्या दिवशी गुणलं नव्हतं. जाऊ द्या तो विषय.

कपडे, पिशवी, पोचणं

साडी नाही. पंजाबी ड्रेस चालतो पण सलवार घेरदार नको, लेगिंग बरी, आणि ओढणी घरी ठेवा. तिकडच्या पुष्कळ सायकलींना आपल्यासारखं पूर्ण चेनकव्हर नसतं, पँटची उजवी मोरी चेनमध्ये जाते. मी मुलीकडून केसांचं रबर मागून घोट्याला लावलं, शंभर टक्के काम झालं. हातमोजे नको, गॉगल असू द्या, पाण्याची बाटली हवीच. ओळखपत्र आणि कार्ड लागतं, ते पोरांकडं असतंच.

जर्सी सिटीहून असाल तर पाथ ट्रेननं ३३ व्या स्ट्रीटला उतरायचं, तिथूनच सबवेची डी लाईन धरायची आणि ५९ स्ट्रीट कोलंबस सर्कल. बी पण जाते पण ती शनिवार-रविवार नसते. एडिसनकडून येणारे न्यू जर्सी ट्रान्झिटनं पेन स्टेशनला येतात, त्यांनी ए, सी किंवा १ नंबर पकडावी. पोचायची वेळ टूरच्या अर्धा तास आधी धरा, सबवेत एकदा तरी उलट्या बाजूच्या प्लॅटफॉर्मला जाणं होतंच.

सायकल ताब्यात घेताना

इथं घाई करायची नाही. मागं लाईन असली तरी. सीटची उंची आधी बघायची, सायकलच्या बाजूला उभं राहिलं की सीट साधारण कमरेच्या हाडापाशी यावी असं ते सांगतात, पण आपण नवखे, आपण दोन बोटं खालीच ठेवायला सांगायची म्हणजे दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात आणि जीव शांत राहतो. मधला दांडा नसलेली सायकल मागा, ती मिळते. गिअर असतात, छोटा आकडा म्हणजे हलकं पायडल, चढ दिसला की चढ लागायच्या आधी छोट्यावर आणायचं, चढावर जोर लावता लावता बदललं की चेन कुरकुरते. हेल्मेटची सक्ती कायद्यानं फक्त १४ वर्षांखालच्या पोरांना आहे, पण तुम्ही घाला. अंबाड्यावर बसत नाही, वेणी घालून जा. एक फॉर्म सही करायला देतात, पडलात तर आमची जबाबदारी नाही असा. तिकडचा दवाखान्याचा खर्च तुम्हाला माहितीय, तेव्हा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढल्याशिवाय सही करू नका, आणि खरं तर विमानातही बसू नका.

रस्त्यावर

एकच वाक्य पाठ करा, "ऑन युअर लेफ्ट". मागून जोरात येणारे सायकलवाले हे ओरडतात. त्याचा अर्थ मी तुझ्या डाव्या बाजूनं पुढं जातोय, तू आहे तिथं राहा. मला वाटलं मला डावीकडं व्हायला सांगतोय, मी झाले, आणि तो जो काही बोलला ते बरं झालं मला कळलं नाही. ओरडलं की काही करायचं नाही. सरळ जायचं.

जमिनीवर सायकलचं चित्र काढलेल्या पट्ट्यात राहायचं, पळणारे-चालणारे आडवे आले तर मान त्यांचा, थांबायचं. पायवाटांवर सायकल चालवायची नाही, उतरून हातात धरून न्यायची. आणि चुकलात तर घाबरू नका, दिव्याच्या खांबांकडं बघा. खांबांवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे जवळच्या स्ट्रीटचे आणि शेवटचा आकडा विषम असेल तर तुम्ही पश्चिमेला, सम असेल तर पूर्वेला. म्हणजे ६८०५ दिसला तर ६८ व्या स्ट्रीटजवळ, पश्चिम बाजू. फोनवर मुलीला एवढं सांगितलं तरी ती येऊन घेऊन जाईल. मला ही युक्ती इतकी आवडली की मी उरलेली फेरी खांबच वाचत होते.

आता काय काय बघायचं

सुरुवातीलाच उजव्या-डाव्या हाताला मोठमोठे करडे खडक दिसतात. गाईडनं थांबवलं तर हात लावून बघा, अभ्रकामुळं चमचम करतात. आपला खडक काळा, लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा पंचेचाळीस कोटींच्या आसपासचा, आणि त्यावर बर्फाच्या नद्या घासत गेल्याचे ओरखडे आहेत. पार्कात जुनी म्हणावी अशी वस्तू बहुतेक हीच, बाकी सगळं माणसानं केलेलं. ८४३ एकर, लांबी चार किलोमीटर. १८५० च्या दशकात इथं दलदल आणि खडकाळ माळ होता. मग स्पर्धा ठेवली, ३३ नकाशे आले, आणि १८५८ मध्ये ओल्मस्टेड आणि वॉक्स या दोघांचा पास झाला. दलदल उपसली, खडक सुरुंगानं फोडले, माती भरली, तळं खणलं. त्या तळ्यात आजही शहराच्या नळाचं पाणी सोडतात. गाईड हे सांगत होता तेव्हा माझ्या बाजूची एक बाई म्हणाली, मला वाटलं हे पहिल्यापासूनच असंय. तेच तर त्या दोघांना हवं होतं.

त्या नकाशातली मला पटलेली गंमत म्हणजे आडवे रस्ते. शहराची वाहतूक पार्कातून तर जाणारच होती, म्हणून त्यांनी चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोल नेले आणि वरून पूल टाकले. म्हणजे तुम्ही सायकलवर झाडांतून जाताय आणि पायाखालून बस जातेय, तुम्हाला पत्ता नाही. त्या वेळी मोटार कुठं होती, घोडागाड्या होत्या, तरी हे सुचलं.

मग मॉल नावाची सरळ रुंद वाट येते, दोन्हीकडनं अमेरिकन एल्मची जुनी झाडं वर एकमेकांत मिसळलेली. इथं सायकल हातात. याच वाटेवर बायकांच्या हक्कांसाठी लढलेल्या तीन बायकांचा पुतळा आहे, सोजर्नर ट्रुथ, सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन, २०२० मध्ये बसवला. त्याआधी अख्ख्या पार्कात खऱ्या बाईचा एक पुतळा नव्हता, परीकथेतल्या होत्या. यातल्या अँथनीबाईंनी १८९६ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की बायकांना मोकळं करण्यात सायकलीइतकं दुसऱ्या कशानं केलेलं नाही. मी हातात सायकल धरून तिच्यासमोर उभी होते, घोट्याला केसांचं रबर लावून. फोटो आहे.

पुढं बेथेस्डा टेरेस. इथं निदान वीस मिनिटं मागून घ्या. (बाथरूम पण इथंच आहे, जाऊन घ्या.) मधल्या कारंज्यावर पंखवाली देवदूत आहे, १८७३ मधली, एमा स्टेबिन्स नावाच्या बाईनं केलेली. न्यूयॉर्कात सार्वजनिक ठिकाणचं एवढं मोठं काम मिळालेली ती पहिली बाई. पण ती देवदूत कशासाठी आहे ते ऐका. १८३२ मध्ये शहरात कॉलरा झाला, विहिरी घाण झालेल्या, माणसं मेली. मग लांब क्रोटन नदीवरून कालव्यानं पाणी आणलं, ते १८४२ मध्ये पोचलं, आणि हा पुतळा त्या पाण्याच्या आनंदाचा. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी येण्याचा वार ज्यांना पाठ असतो, आणि पांझरेवरच्या फडांचं पाणी कुणाच्या वावराला कधी हे ज्यांच्या आजोबांनी ठरवलेलं असतं, त्यांना चांगल्या पाण्यासाठी देवदूत उभा करावासा वाटणं अगदी कळतं.

तिथून निघालं की चढ लागतो, कॅट हिल. गिअर छोटा करा आणि डावीकडच्या खडकावर नजर टाका. मी टाकली आणि हँडल सोडता सोडता राहिले, कारण वर दबा धरून बसलेला बिबट्या! ब्राँझचा आहे, आणि खरं तर बिबट्या नाही, अमेरिकेतला प्यूमा, १८८३ पासून तिथंच बसलाय. यावल-रावेरच्या केळीत ज्यांनी खराखुरा बिबट्या पाहिलाय त्यांनी आधीच तयारीत राहावं.

चढ संपला की डावीकडं ओबेलिस्क. क्लिओपात्राची सुई म्हणतात पण क्लिओपात्राचा काही संबंध नाही, तिच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचा, तिसऱ्या थुतमोसच्या काळातला, इजिप्तहून आणून १८८१ मध्ये उभा केला. नदीच्या काठापासून इथवर ओढत आणायला तीन महिन्यांहून जास्त लागले. खडक सोडले तर पार्कातली जुनी वस्तू ही, आणि ती पण बाहेरून आणलेली. त्यानंतर १०६ एकरांचं मोठं जलाशय, १९९४ पासून त्याला जॅकलिन केनेडी ओनासिसचं नाव आहे. काठाच्या वाटेवर सायकल नाही, लांबून बघायचं, आणि १०२ ला डावीकडं वळायचं.

परतीच्या पश्चिम रस्त्यावर साधारण ८५ व्या स्ट्रीटपाशी बरेच गाईड थांबतच नाहीत. तुम्ही थांबवा. म्हणा, सेनेका व्हिलेज. इथं १८२५ पासून काळ्या लोकांनी जमिनी विकत घेऊन वसवलेलं गाव होतं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं, तीन चर्च, शाळा. त्या राज्यात काळ्या पुरुषाला मत द्यायचं तर २५० डॉलरची मालमत्ता असावी लागायची, त्यामुळे इथली जमीन म्हणजे नुसती जमीन नव्हती. १८५७ मध्ये पार्कासाठी गाव उठवलं. पैसे दिले, पण गाव परत कुठं वसलं नाही. आता तिथं गवत आहे आणि माहितीचे फलक आहेत. फलक वाचताना मला नंदुरबारकडचं मणिबेली आठवलं, सरदार सरोवरात बुडालेलं. तिथं निदान पाण्याखाली काय आहे हे आपल्याला माहीत होतं, इथं लोक त्यावर चादर टाकून सँडविच खातात. गाईड पोरगा चांगला होता, त्यानं घाई केली नाही.

स्ट्रॉबेरी फील्ड्सला, ७२ व्या स्ट्रीटपाशी, सायकल लावून चालत जायचं. बीटल्सवाल्या जॉन लेननची आठवण, समोरच्याच डकोटा बिल्डिंगबाहेर त्याला १९८० मध्ये गोळी घातली. जमिनीवर गोल नक्षी आहे, मधे इमॅजिन लिहिलंय, गर्दी फोटोला. मला गाणी माहीत नाहीत, जावई मात्र गप्प झाला होता.

टूर संपताना

गाईडला टिप द्यायची असते, साधारण पंधरा ते वीस टक्के, आणि ती आधीच वेगळ्या खिशात ठेवा म्हणजे सगळ्यांसमोर पाकीट उघडून पोरांशी मराठीत चर्चा होत नाही. सायकल परत करताना बास्केटमधली बाटली आणि गॉगल काढला का बघा, मी गॉगल सोडून आले.

त्यानंतर घरी पळू नका. पायी शीप मेडोला या, मोठ्ठी हिरवळ आहे, कोलंबस सर्कलपासून जवळ. १९३४ पर्यंत इथं खरंच मेंढ्या चरायच्या आणि रस्ता ओलांडून त्यांच्या गोठ्यात जायच्या, त्या गोठ्याचं आता महागडं हॉटेल झालंय, टॅव्हर्न ऑन द ग्रीन. साक्रीकडच्या आपल्या मेंढपाळ ठेलाऱ्यांना दाखवायला पाहिजे. हॉटेलात जायची गरज नाही, सकाळीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून घ्यायची, तेल सांडू नये म्हणून चटणी कोरडी. बाजूला बसलेल्या एका गोऱ्या पोरीनं विचारलं हे काय, तिला अर्धी दिली, तिनं चटणी आधी तोंडात टाकली आणि मग आमच्याकडचं सगळं पाणी संपलं.

रात्री गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी, झोपताना पायाखाली उशी. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरा, चढताना काही होत नाही.